हाल्टजवळची काळी बांधी

तुमसरहून जंगलाकडे जाणाऱ्या लाइनीवर एक हाल्ट आहे. स्टेशन म्हणावं असं तिथे काही नाही. पत्र्याचं छत, सिमेंटचा एक बाक, एक हापशी आणि तिकिटाची खिडकी असलेली खोली. खोली एवढीशी की आत बसलेल्या माणसाला आळस द्यायचा तर बाहेर यावं लागतं. गाव तिथून आत, तलावाच्या पलीकडे.

या खिडकीमागे इश्वर बसतो. तो रेल्वेचा नोकर नाही. मोठ्या स्टेशनात आधी पैसे भरून तिकिटांचा गठ्ठा आणायचा, इथे विकायचा आणि त्यावरचं कमिशन घ्यायचं, एवढाच त्याचा रेल्वेशी संबंध. बाकी तो गावातल्या इतरांसारखा धानाचा शेतकरी. एक शेत तलावाखाली, ते त्याची बायको मंदाबाई पाहते. दुसरी एक बांधी, म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा, हाल्टला लागून, रुळाच्या अगदी कडेला. ती इश्वरची, कारण खिडकीतून तिच्यावर नजर ठेवता येते. गाव त्याला मास्तर म्हणतं. सुरुवातीला थट्टेने म्हणायचं, मग सवयीने. आता कोण थट्टेने म्हणतो आणि कोण सवयीने, हे त्यालाही कळत नाही.

त्याचं दुखणं एकच होतं. लोक गाडीत बसत, पण तिकीट काढत नसत.

“तिकीट, मंगलाबाई?” तो रोज विचारायचा. मंगलाबाई गावातल्या रोवणी-निंदणाच्या, म्हणजे धान लावणाऱ्या आणि तण काढणाऱ्या बायांची पुढारी. बाया घेऊन ती लाइनीवरच्या दुसऱ्या गावांत कामाला जायची.

“कायले जी मास्तर? दोन स्टेशन तं जायचं हाय. बसायले जागा बी भेटत नाई. उभ्याचं तिकीट हाय का तुमच्याजवळ?”

“अन् टीसी आला तं?”

“टीसी ह्या लाइनीवर आल्ता माह्या लग्नाच्या साली. तो बी वाट चुकून.”

बाया हसायच्या. गाडी यायची, बाया चढायच्या, आणि इश्वर शिक्क्याची डबी पुन्हा बंद करायचा.

मागच्या हिवाळ्यात रेल्वेचे एक साहेब उतरले. त्यांनी फलाट पाहिला, खिडकी पाहिली, इश्वरने आणलेला चहा घेतला. फार सभ्य माणूस होता. म्हणाले, “इथली विक्री फारच कमी आहे हो. दिवाळीपर्यंत पाहू. अशीच राहिली तर थांबा काढावा लागेल.” त्यांनी ते दरडावून सांगितलं असतं तर इश्वरला भांडता तरी आलं असतं. चहाचा कप स्वतः हापशीवर धुऊन ठेवणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

थांबा गेला की गाडी हाल्टवरून नुसती धडधडत जाईल. बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला जाणाऱ्यांनी सडक गाठायची आणि काळीपिवळी जीपची वाट पाहत उभं राहायचं. आणि इश्वर? इश्वर मास्तर उरणार नाही. ही शेवटची गोष्ट तो कोणाला बोलून दाखवत नव्हता, पण रात्री कूस बदलताना तीच आधी टोचायची.

ग्रामसभेत त्याने विषय काढला. लोकांनी ऐकलं आणि म्हणाले, “आजवरी थांबत आली गाडी, आता कायले नाई थांबन?” त्याने हाल्टचा बोर्ड रंगवला. तेव्हा लोकांनी विचारलं, “मास्तर, घरी लग्न हाय का?” त्याने बाकाच्या दोन्ही बाजूंना झेंडूची रोपं लावली, ती शेळ्यांनी खाल्ली. तेव्हापासून त्याने ठरवलं, आता काही करायचं तर सांगायचं नाही. झालं की दाखवायचं.

होळीला खुशबू घरी आली. इश्वरची एकुलती एक मुलगी, नागपुरात कॉलेजात. बापाचं तोंड पाहून तिने त्याच्या मोबाइलवर एक व्हिडिओ लावून दिला. “बाबा, हे पाहा. जपानमधली गाडी हाय. तुमच्या लाइनीवानीच हाय, खेड्यातली.”

ड्रायव्हरच्या काचेतून काढलेला व्हिडिओ होता तो. कुठे गाणं नाही, बोलणं नाही. एकच डबा, पिवळा, आणि त्याच्यापुढे उलगडत जाणारे रूळ. दोन्हीकडे धानाच्या बांध्या, पाण्यात आभाळ. मग बोगदा, मग नदी, मग पुन्हा धान. पांढरे हातमोजे घातलेला ड्रायव्हर दर सिग्नलपाशी बोट उचलून दाखवत होता आणि एकटाच काहीतरी मोठ्याने म्हणत होता. एका स्टेशनात कोणीच उतरलं नाही, कोणी चढलंही नाही. तरी गाडी थांबली, दार उघडलं, दार बंद झालं, मग निघाली.

“कोणीच नाई चढलं,” इश्वर म्हणाला.

“तरी थांबली ना?” खुशबू म्हणाली.

त्या दिवसापासून त्याला त्या लाइनीचं वेड लागलं. खिडकीत बसल्या बसल्या तो पाहायचा. एकदा हिवाळ्याचा व्हिडिओ आला. पानं गळलेल्या झाडांना नारिंगी फळं लटकलेली. “टेंभरंच हायेत ही,” जंगलातली तेंदूची फळं आठवून तो मंदाबाईला म्हणाला, “आपल्यापेक्षा मोठी.” ड्रायव्हरचं पाहून एकदा तोही येणाऱ्या गाडीकडे बोट करून “गाडी आली” म्हणाला. डबा घेऊन आलेल्या मंदाबाईने इकडेतिकडे पाहिलं.

“कोणाले सांगून राहिले?”

“कोणाले नाई.”

“मंग मनातल्या मनात म्हणा. लोक पाहतेत.”

आणि मग तो दुसरा व्हिडिओ. गाडी एका छोट्या स्टेशनापाशी आली आणि डब्यातले लोक एकाच बाजूला झाले. बाहेर धानाच्या बांधीत चित्र होतं. रंगवलेलं नव्हे, लावलेलं. हिरव्या धानात काळं, पिवळं, पांढरट धान रोवून काढलेलं. लोक फक्त ते पाहायला त्या स्टेशनावर उतरत होते. तिकीट काढून.

इश्वरने तो तुकडा पुन्हा लावला, परत लावला. मग हाल्टच्या कडेच्या आपल्या बांधीकडे पाहिलं. उन्हाने ती तडकली होती, आणि तिच्यात एक रेडा उभा होता.

त्याचा साळा तेजराम एकोडीला राहत होता. जुना वाण सोडायचा नाही अशा हट्टाचा माणूस. त्याच्याकडे काळ्या पानाचं धान होतं, वांग्याच्या सालीसारखं काळपट जांभळं. दरवर्षी तो ते कोपऱ्यात मूठभर लावायचा.

“पायली दोन पायली बिजाई दे,” इश्वरने फोनवर त्याच्याकडे बियाणं मागितलं.

“पिकत नाई भाऊजी ते जास्त. खायले लावता का?”

“पाहायले.”

तेजरामने विचारलं, “आमची मंदाबाई बरी हाय ना?”

काळ्या धानाचे पऱ्हे, म्हणजे रोवणीची रोपं, त्याने घरच्या वाफ्यात टाकले नाहीत. हाल्टच्या मागे, हापशीचं पाणी जिरतं तिथे टाकले. रोवणीच्या वेळी मंगलाबाईच्या बायांनी बांधी लावायला घेतली तेव्हा त्याने मधली जागा सोडायला लावली.

“इथं मी लावतो.”

“मास्तर, बायकायचं काम?” मंगलाबाईने कमरेवर चिखलाचा हात ठेवला. “उद्या आम्ही तिकिटं इकतो मंग.”

बाया दुसऱ्याच्या शेतावर गेल्यावर त्याने बांबूच्या खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली आणि चित्र मांडलं. एक डबा, तीन खिडक्या, खाली दोन चाकं. बस, एवढंच. पण चिखलात वाकून चाक गोल लावणं किती कठीण असतं हे ज्याने लावलं त्यालाच कळेल. एक चाक भाकरीसारखं झालं, दुसरं करंजीसारखं. दोनदा उपटून पुन्हा लावलं. कंबर इतकी धरली की पुढचे काही दिवस तिकीट मागणाऱ्याकडे त्याला वर मान करून पाहता येईना. तसे मागणारे फार नव्हतेच.

रोपं आधी पिवळी पडली. मग मुळं धरली, आणि रंग चढत गेला. पण रुळाच्या कडेला उभं राहून पाहिलं तर डबा दिसतच नव्हता. नुसता काळा पट्टा. उंची नव्हती ना. जपानात लोक वरून पाहत होते, हे त्याच्या आता लक्षात आलं. त्याने स्वतःला समजावलं, गाडीतून दिसेल. चित्र गाडीसाठीच तर आहे.

तिकिटांचा गठ्ठा आणायला तो सकाळच्या गाडीने तुमसरला निघाला तेव्हा दारात न थांबता खिडकी धरून बसला. समोर पांढऱ्या टोपीतले एक म्हातारबुवा होते. गाडी हलली. बांधी आली. हिरव्यात काळे ओरखडे, फाटलेल्या घोंगडीसारखे. डबा नाही, खिडकी नाही.

“करपा आला दिसते धानावर,” म्हातारबुवा म्हणाले. “कोणाची हाय बांधी? शेतकऱ्याचं ध्यान नाई.”

बांधी मागे पडली. पुढे नाल्याचा पूल आहे. पुलाआधी लाइन वळते आणि थोडी वर चढते. तिथून त्याने उगाच मागे पाहिलं, आणि ओरखडे एकत्र आले. डबा होता. तीन खिडक्या होत्या. करंजीसारखं लावलेलं चाक त्या कोनातून गोल दिसत होतं. एवढ्यात पळसाची झाडं आडवी आली.

“पाहा, पाहा!” तो ओरडला. म्हातारबुवांनी पाहिलं. त्यांना पळस दिसले.

दिवसभर तुमसरमध्ये त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. स्टेशनात पैसे भरताना बाबूने विचारलं, “मास्तर, आज खुशीत?” तो म्हणाला, “या एकदा आमच्या हाल्टवर. पण येताना दारात उभं राहा, पुलाजवळ.” खुशबूला फोन केला. “बाबा, फोटो पाठवा ना.” “फोटोत मजा नाई. तू ये. गाडीनं ये.” त्याने मनात मांडणी केली. कॉलेजची पोरं मोबाइलवर टाकतील, लोक येतील, उतरतील, परतीचं तिकीट खिडकीत काढतील. मंदाबाईला आज संध्याकाळीच सांगायचं. तिला पुलापर्यंत चालत न्यायचं.

संध्याकाळच्या गाडीत तो पूल यायच्या आधीच दारात येऊन उभा राहिला. पळस सरले. बांधी दिसली.

बांधीत बाया होत्या. लुगडी खोचून, ओळीने वाकलेल्या. डब्याच्या जागी चिखलाच्या खळग्या होत्या. बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर काळ्या रोपांचा ढीग होता. शेवटचं चाक उरलं होतं, त्याच्यापाशी मंदाबाई वाकली होती, आणि ती कामाला लागली की मन लावून लागते. गाडी हाल्टपाशी पोचेपर्यंत चाकही गेलं.

“काय करून राहिल्या!” तो चप्पल हातात घेऊन धुऱ्यावरून धावला. “काय करून राहिल्या तुम्ही!”

मंगलाबाई सरळ झाली. तिच्या तोंडावर चांगलं काम केल्याचं समाधान होतं. “भेसळ काढली जी मास्तर. तुम्ही लावलेल्या जागीच होती सारी, एक बी ठेवली नाई. पूरी बांधी साफ.”

“भेसळ?”

मंदाबाई जवळ आली आणि आवाज खाली करून म्हणाली, “तेजरामनं फसवलं तुम्हाले. बिजाईत काळं धान मिसळलं होतं. लोक गाडीतून पाहून राहिले होते जी. तुमचीच थट्टा झाली असती पुन्हा, झेंडूवानी. मी म्हटलं, तुम्ही यायच्या आत काढून टाकू. ह्या बायांले दुसऱ्या कामावरून ओढून आणलं.”

इश्वर धुऱ्यावर बसला. त्याला शिवी द्यायची होती, पण कोणाला द्यायची ते सुचेना. ज्या थट्टेच्या भीतीने त्याने बायकोला सांगितलं नव्हतं, त्याच थट्टेच्या भीतीने बायकोने रोपं उपटली होती.

“चित्र होतं ते,” तो म्हणाला. “गाडीचं. मी लावलं होतं.”

बायांनी खळग्यांकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं. त्याने मोबाइल काढून व्हिडिओ दाखवला. चिखलाचे हात मागे धरून सगळ्या जणी त्या छोट्या पडद्यावर वाकल्या. जपानमधले लोक एका बाजूला झाले, धानातलं चित्र आलं आणि गेलं.

“मायबाई,” एक जण म्हणाली. “खरंच होय का हे?”

“आम्हाले सांगितलं काहून नाई?” मंदाबाईचा आवाज चढला. आता तिलाही राग आला होता, आणि तिचा राग खरा होता. “मी का शेजारीण होय? माह्याजवळ बोलता येत नाई?”

“बोललो असतो तं हसली असती.”

“हसली असती. मंग लावायले आली बी असती.”



दोघी-तिघींनी ढिगातली रोपं उचलून पुन्हा खोचायचा प्रयत्न केला. मुळं तुटली होती, रोपं लगेच माना टाकू लागली. हाल्टमागे काळे पऱ्हेही उरले नव्हते. कोणाची तरी म्हैस येऊन ढिगाला तोंड लावून गेली. तिने चव घेतली आणि सोडून दिलं.

मग मंगलाबाई पुढे झाली. आता ती हसत नव्हती. गावात एक रीत आहे. कोणाचं जनावर दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरलं, तर मालकाने धुऱ्यावर उभं राहून विचारायचं, भरपाई काय. ज्याचं पीक गेलं त्याने तिथेच सांगायचं, आणि जे सांगितलं त्यावर घासाघीस करायची नाही. त्यावरून कज्जे होत नाहीत.

“जनावरानं खाल्लं काय अन् आम्ही उपटलं काय, सारखंच,” ती म्हणाली. “बोला मास्तर. भरपाई काय?”

इश्वरच्या डोक्यात संताप भरलेला. काय मागायचं याचा त्याने विचार केला नव्हता.

“तिकीट काढा!” तो ओरडला. “धान कापतवरी, ज्या दिवशी गाडीत चढसान, त्या दिवशी तिकीट काढा! सगळ्या जणी!”

मंगलाबाईने तोंड वाकडं केलं. पैसे मागितले असते, दिवसभराचं काम मागितलं असतं, ते तिला परवडलं असतं. पण भरपाई मोडता येत नाही.

“वापसीचं बी?” तिने विचारलं.

“वापसीचं बी!”

दुसऱ्या दिवसापासून त्या खिडकीवर येऊ लागल्या. रांग अशी की जणू कोणी मेलं आहे. एकेक जण पैसे आपटायची, तिकीट उचलायची, उलटसुलट करून पाहायची. “ह्याच्यात काय होते?” एकीने विचारलं. “आधी बी उभ्याच होतो, आता बी उभ्याच हाओ.” मंदाबाईही भरपाईत होती. तुमसरच्या बाजाराला जाताना तिनेही पैसे मोजून दिले आणि त्या दिवशी त्याच्याशी बोलली नाही. बांधीतल्या खळग्यांत तिने उरलेले हिरवे पऱ्हे आणून लावून टाकले होते. आता तिथे काही होतं हे कोणाला सांगूनही पटलं नसतं.

बायांना पाहून आणखी काही जण तिकीट काढू लागले. त्यांना वाटलं, टीसी येणार असल्याची खबर असावी. इश्वरने ती खबर खोटी आहे असं सांगितलं नाही. तुमसरहून गठ्ठा लवकर लवकर आणावा लागू लागला. बाबू म्हणाला, “काय जादू केली मास्तर?” इश्वर म्हणाला, “निंदण केलं.” बाबू हसला. इश्वर हसला नाही. प्रत्येक तिकिटामागे त्याला ती उपटलेली रोपं दिसायची. लोक गाडीसाठी तिकीट काढत नव्हते. दंड भरत होते. आणि दंड भरणारा माणूस दंड कधी सरतो याचीच वाट पाहत असतो.

दिवाळीच्या आसपास साहेबांचा फोन आला. “विक्री वाढली तुमच्या हाल्टची. सध्या थांबा राहू देतो.”

“सध्या म्हणजे, साहेब?”

“पुढच्या वर्षी पुन्हा पाहू.”

इश्वरने आभार मानले. खुशबूला कळवलं. ती तिकडे आनंदाने ओरडली, तेव्हा त्यालाही क्षणभर बरं वाटलं. पण बाहेर बांधीत धान पिवळं पडत चाललं होतं, आणि येता-जाता मंगलाबाई त्याच्याकडे फार प्रेमाने पाहत होती. लोंब्या हातात घेऊन, दाणा दाताखाली फोडून, “पकलं जी तुमचं धान,” म्हणायची.

धान कापायला ती न बोलावता आली. बाया घेऊन आली आणि एका दिवसात बांधी मोकळी करून दिली. इतक्या झपाट्याने तिला काम करताना कोणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इश्वरने खिडकी उघडली. बाया फलाटावर होत्या, बाकावर, हापशीजवळ, पण खिडकीपाशी कोणी नव्हतं.

“तिकीट, मंगलाबाई?”

“धान कापलं ना जी मास्तर. भरपाई फिटली.”

“भरपाई फिटली. पण गाडीत तं बसून राहिल्या ना?”

“गाडीत तं बसतोच. गाडी काही तुमच्या बांधीत नाई उगवली.”

“साहेब पुढच्या साली पुन्हा पाहणार हाय!”

“मंग पुढच्या साली पुन्हा लावा ना काळं धान,” मंगलाबाई म्हणाली. “आम्ही पुन्हा उपटून देऊ.”

फलाटभर हसू उसळलं. इश्वर खोलीतून बाहेर आला. त्याला खूप बोलायचं होतं. तिकडे दूरच्या देशात रिकाम्या स्टेशनातही गाडी थांबते, आणि इथे भरल्या फलाटावर ती थांबेल की नाही हे दरवर्षी विचारावं लागतं, असं काहीतरी. पण शब्द जुळेपर्यंत गाडी आली. बाया दारांशी दाटल्या. त्यांच्यात हिरव्या लुगड्यातली एक पाठ त्याने ओळखली. हातात पिशवी, एकोडीला भावाकडे निघालेली.

“मंदा!”

मंदाबाई पायरीवरून वळली. “काय जी?”

“तिकीट?”

ती थोडी ओशाळली, पण खाली उतरली नाही. “मी बी त्यायच्यातलीच ना. माही बी फिटली.”

इश्वर खोलीत शिरला. एक तिकीट ओढलं, शिक्का मारला, खिशातले पैसे गल्ल्यात टाकले आणि धावत बाहेर आला. गाडी हलली होती. खिडकीच्या गजांतून त्याने ते तिकीट आत शिरलेल्या बायकोच्या मुठीत कोंबलं. तिने ते पदराच्या गाठीत बांधलं.

“अवो मास्तर,” मागून मंगलाबाईने हात बाहेर काढला, “बायकोले देता, आम्हाले बी द्या ना तसंच!”

“फुकटात नाई!” इश्वर गाडीसोबत धावत ओरडला. “कोणालेच फुकटात नाई!”

फलाट संपला. तो थांबला, आणि धाप लागलेल्या छातीने पुलाकडे वळणाऱ्या डब्यांकडे पाहत उभा राहिला. दारातून बायांचं हसणं अजून येत होतं.